शुक्रवारची राखीव संध्याकाळ

अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचे सामने दूरचित्रवाणीवर कधी दाखवायचे नाहीत, याचा विचार थेट कायद्यात झालेला आहे. १९६१ साली तिथल्या काँग्रेसने खेळांच्या प्रक्षेपणाविषयी एक कायदा केला. व्यावसायिक संघांनी एकत्र येऊन प्रक्षेपणाचे हक्क विकावेत, अशी सवलत त्याने दिली. पण काही वेळा त्या सवलतीतून वगळल्या. सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी दिवसभर, ७५ मैलांच्या टापूत कॉलेजचा सामना असेल तर तिथे व्यावसायिक सामना दाखवता येत नाही. १९६६ साली हेच संरक्षण शाळांच्या सामन्यांनाही मिळाले, आणि ते आजही लागू आहे. २०२४ च्या सप्टेंबरात एनएफएल या व्यावसायिक संघांच्या संघटनेने ब्राझीलमधल्या साओ पावलोत एक सामना शुक्रवारी खेळवला, तो महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. पुढच्या शुक्रवारी तो तसा दाखवता आला नसता. थँक्सगिव्हिंग या सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी होणारा एनएफएलचा सामना दुपारी तीनला सुरू होतो, त्यामागेही सहाच्या आत आटोपण्याचीच निकड असते.

अब्जावधी डॉलरच्या या धंद्याने जी संध्याकाळ मोकळी सोडली, ती चौदा ते अठरा वर्षांच्या शाळकरी मुलांची आहे. नववी ते बारावी या चार वर्षांना तिथे हायस्कूल म्हणतात. नववीचा फ्रेशमन, दहावीचा सॉफमोर, अकरावीचा ज्युनियर आणि बारावीचा सीनियर. ऑगस्ट-सप्टेंबरात शाळा सुरू झाली की शुक्रवारी संध्याकाळी मैदानावरचे उंच दिवे लागतात, आणि लांबट चेंडू हातात धरून पळण्याचा, एकमेकांना आडवे पाडण्याचा तो अमेरिकी फुटबॉल सुरू होतो. हंगामातला घरच्या मैदानावरचा एक सामना खास असतो. तो होमकमिंगचा. त्याच्या मागेपुढे आठवडाभर मिरवणूक, सभा, नाच, राजा-राणीची निवड असा सगळा सोहळा उभा राहतो. हॉलिवूडच्या चित्रपटांतून आपल्यापर्यंत पोहोचतो तो त्यातला झगमगाट. मुलगा मुलीला नाचासाठी विचारतो, गुलाबी गाऊन, लांबलचक मोटार. त्यामुळे हे सारे तारुण्यातले चोचले वाटण्याचा संभव आहे. माझे मत वेगळे आहे. होमकमिंग हा गावाचा सण आहे आणि शाळा त्याची यजमान आहे. हे ध्यानात घेतले की अमेरिकी शाळेच्या वर्षातले इतर टप्पेही उलगडत जातात.

प्रथा सुरू झाली ती कॉलेजांत. टेक्सासच्या बेलर विद्यापीठाने १९०९ साली, इलिनॉय विद्यापीठाने १९१० साली आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना सामन्यासाठी परत बोलावले होते. सर्वात जास्त गाजली ती मिझुरी विद्यापीठाची १९११ सालची हाक. मिझुरी आणि कॅन्सस या शेजारच्या राज्यांमधले वैर जुने, यादवी युद्धाच्या काळापासूनचे. त्यांच्या संघांचा वार्षिक सामना तोवर कॅन्सस सिटी या मोठ्या शहरात व्हायचा. त्या वर्षी नियम आला की सामने विद्यापीठाच्या आवारातच व्हायला हवेत. मिझुरी विद्यापीठ होते कोलंबियात. अशा आडबाजूच्या गावात एवढी गर्दी कशी जमायची? क्रीडासंचालक चेस्टर ब्रूअर यांनी माजी विद्यार्थ्यांना आवाहन केले की सामन्याला घरी या. नऊ हजारांहून अधिक लोक आले. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला, पण कल्पना रुजली. पुढच्या काही दशकांत ती कॉलेजांतून हायस्कुलांत उतरली, आणि तिथे तिचे रूप बदलले. कॉलेजात परत येणारे लोक देशभरातून येतात. हायस्कुलात परत येणारे त्याच गावात वाढलेले असतात, आणि त्यांचे आईवडील, धाकटी भावंडे, जुने शिक्षक, केशकर्तनालयवाला, पाद्री हे सगळे अजून तिथेच असतात. शिमग्याला मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या चाकरमान्याला पालखी नाचवताना आपण कुठल्या वाडीतले, कुणाचे नातू, हे जसे नव्याने सांगावे लागत नाही, तसेच काहीसे या माणसांचे होते. मैदानाच्या कठड्याशी उभे राहिले की ओळख आपोआप पटते.

शाळेला हे स्थान कसे मिळाले, याचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतले पहिले सार्वजनिक हायस्कूल १८२१ साली बोस्टनमध्ये निघाले. पण पुढची पन्नास वर्षे प्राथमिक शाळेपुढचे शिक्षण सरकारी खर्चाने द्यावे की नाही, हा वादाचाच विषय होता. मिशिगनमधल्या कॅलमाझू गावच्या काही करदात्यांनी कोर्टात दावा लावला की आमच्या कराच्या पैशातून हायस्कूल चालवणे बेकायदा आहे. १८७४ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. गावाला हायस्कूल हवे असेल तर त्यासाठी कर बसवण्याचा अधिकार गावाला आहे, असे ठरले, आणि इतर राज्यांनाही या निकालाचा आधार मिळाला. तरीही १९१० साली अठरा वर्षांच्या दर शंभर मुलामुलींपैकी जेमतेम नऊ हायस्कूल पूर्ण करत होती. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेले. तीस वर्षांत झालेली ही झेप क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी सविस्तर अभ्यासली आहे. गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते स्त्रियांच्या रोजगारावरच्या संशोधनासाठी. पण त्यांचे हे कामही तितक्याच तोलामोलाचे आहे.

त्यांना जे आढळले ते असे. ही चळवळ वॉशिंग्टनच्या हुकमाने झाली नाही. आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस अशा शेतीप्रधान राज्यांतली छोटी गावे तिच्यात आघाडीवर होती. कारखान्यांच्या शहरांत चौदा वर्षांच्या मुलाला लगेच मजुरी मिळे, त्यामुळे तिथे वर्ग रिकामे राहत. छोट्या गावांत लोक एकमेकांना ओळखत, उत्पन्नांत फार तफावत नसे, आणि ज्यांची स्वतःची मुले मोठी झाली होती असे शेतकरीही शेजाऱ्याच्या मुलांसाठी कर भरायला तयार होत. म्हणजे गावाने स्वतःवर कर लादून घेतला, दगडविटांची इमारत उभी केली आणि तिच्या कपाळावर गावाचे नाव कोरले. त्या इमारतीतली मुले मैदानावर उतरली की गाव बघायला येणारच.

आजही अमेरिकी सरकारी शाळांच्या खर्चाचा चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा स्थानिक पातळीवरून, मुख्यतः घरपट्टीतून येतो. शाळेचा कारभार बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले मंडळ पाहते. नवे सभागृह किंवा मैदान बांधायचे तर कर्जरोख्यांसाठी मतदान घ्यावे लागते. टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला ॲलन नावाचे गाव आहे. तिथल्या मतदारांनी २००९ साली असा प्रस्ताव मंजूर केला आणि २०१२ साली एका हायस्कूलसाठी अठरा हजार आसनांचे स्टेडियम उभे राहिले. खर्च सुमारे सहा कोटी डॉलर. दोन वर्षांत त्याच्या काँक्रीटला भेगा पडल्या, एक हंगाम ते बंद राहिले, मग दुरुस्त होऊन पुन्हा उघडले. एवढा पैसा प्रयोगशाळांवर का खर्च होत नाही, हा प्रश्न टेक्सासमध्येही विचारला जातो, आणि तो रास्त आहे. एच. जी. बिसिंजर यांचे १९९० सालचे ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हे पुस्तक याच राज्यातल्या ओडेसा गावावर आहे. फुटबॉलच्या वेडापायी शाळेच्या अभ्यासाचे आणि खेळणाऱ्या मुलांचे काय होते, हे त्यात इतके उघडपणे आले की गावातले लोक लेखकावर चिडले.

दुसरे टोक अलास्कात आहे. उत्तर ध्रुववृत्ताच्या बऱ्याच पलीकडे, आर्क्टिक महासागराच्या काठी, बॅरो नावाचे, मुख्यतः इन्युपियाक या मूळ रहिवाशांचे गाव होते. आता त्याला उतक्याग्विक म्हणतात. तिथे पोहोचायला रस्ता नाही. २००६ साली शाळेने फुटबॉलचा संघ काढला, कारण मुले शाळा सोडत होती आणि तरुणांमधल्या आत्महत्या, व्यसने यांनी गाव हैराण झाले होते. गोठलेल्या जमिनीवर गवत कुठून उगवणार? फ्लोरिडातल्या एका बाईंनी दूरचित्रवाणीवर ही बातमी पाहून देणग्या गोळा केल्या आणि पुढच्या वर्षी तिथे निळ्या रंगाचे कृत्रिम मैदान अंथरले गेले. पाहुणे संघ विमानाने येतात.

होमकमिंगचा आठवडा सोमवारपासून सुरू होतो. रोजचा वेश ठरलेला असतो. एक दिवस पायजमा, एक दिवस जुन्या दशकातले कपडे, एक दिवस मैत्रिणी-मैत्रिणींनी जुळ्यांसारखे सजून यायचे, आणि शुक्रवारी शाळेचे रंग. प्रत्येक इयत्ता आपापला व्हरांडा सजवते. शुक्रवारी दुपारी तास आवरते घेऊन सगळी शाळा व्यायामशाळेत जमते. बँड वाजतो, चीअरलीडर घोषणा देतात, खेळाडूंची नावे पुकारली जातात. छोट्या गावांत त्याआधी किंवा नंतर मुख्य रस्त्यावरून मिरवणूक निघते. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्या सजवलेल्या असतात, अग्निशामक दलाचे बंब असतात, आणि पन्नास वर्षांपूर्वी बारावी झालेली तुकडी एखाद्या ट्रकवर गवताच्या गाठोड्यांवर बसून हात हलवत जाते.

टेक्सासमध्ये या दिवसाचे जे आभूषण आहे, त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. त्याला मम म्हणतात. फार वर्षांपूर्वी मुलगा आपल्या जोडीदारणीला सामन्याच्या दिवशी शेवंतीचे एक टपोरे फूल द्यायचा, ती ते फितीसकट पोशाखावर टाचायची. शेवंती शरदातली, फुटबॉलही शरदातला. हळूहळू फिती वाढल्या. खरे फूल वजन पेलेना, तेव्हा रेशमी फूल आले. मग एकाची दोन फुले, तीन फुले, छोट्या घंटा, टेडी अस्वले, पिसांच्या माळा, वेणीसारख्या गुंफलेल्या रिबिनी, चमकत्या अक्षरांत मुलीचे आणि मुलाचे नाव, आणि आता बॅटरीवरचे दिवेही. हे प्रकरण आज गळ्यात पट्टा अडकवून छातीवर वागवावे लागते आणि त्याच्या रिबिनी पावलांपर्यंत लोळतात. मुलगे दंडावर त्याचीच छोटी आवृत्ती बांधतात. रंग शाळेचे. सीनियर मुलींचा मान पांढऱ्या आणि रुपेरी किंवा सोनेरी ममचा. खालच्या इयत्तेच्या मुलीने तो घालायचा नाही, असा अलिखित दंडक बऱ्याच ठिकाणी पाळतात. विकत घ्यायचा तर काही शे डॉलर सहज जातात. म्हणून ऑगस्टपासूनच आया, मावश्या, शेजारणी गॅरेजमध्ये टेबल मांडून बसतात, गरम डिंकाच्या बंदुकीने रिबिनी चिकटवतात, आईने स्वतःच्या ममची घंटा जपून ठेवलेली असेल तर ती मुलीच्या ममला लावतात. टेक्सासच्या बाहेर, शेजारची एखाद-दोन राज्ये सोडली, तर हे फारसे कुणाला ठाऊकही नसते. माझ्या लेखी ही अस्सल लोककला आहे. ती कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. एका बाईच्या हातून दुसऱ्या बाईच्या हाती जाते आणि दरवर्षी वाढते.

सामन्याच्या मध्यंतरात राजा-राणीची घोषणा होते. प्रत्येक इयत्तेतून प्रतिनिधी निवडलेले असतात. बारावीतल्या उमेदवारांतून एक मुलगा आणि एक मुलगी मुकुटाचे मानकरी ठरतात. मुलींना बापाने हात धरून मैदानाच्या मध्यावर आणायचे, अशी रीत आहे. अलीकडे बऱ्याच शाळांनी राजा आणि राणी असा भेद काढून टाकला आहे आणि दोन्ही मुकुट कुणालाही मिळू शकतात. पूर्वी हा मान रूपाचा आणि लोकप्रियतेचा होता. आजही तो पुष्कळदा तसाच असतो, आणि ज्याचे नाव कुणी सुचवत नाही त्या मुलाला तो आठवडा किती लांब वाटत असेल, हे कुठल्याही देशातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला कळेल.

पण मुकुट दोघांनाच मिळतो. माझे लक्ष जाते ते त्याच मध्यंतरात मैदानावर उतरणाऱ्या बँडकडे. शंभर-दोनशे मुले, कडक गणवेश, तुताऱ्या, सनया, छातीएवढे ढोल, पावलापावलाने बदलत जाणाऱ्या आकृत्या. त्यांची तालीम शाळा उघडण्याआधीच, ऑगस्टच्या उन्हात सुरू झालेली असते. यातली फार थोडी मुले पुढे वादक होतील. शेवटच्या रांगेतल्या मुलाचा सूर थोडा घसरतही असेल. तरी हजारो लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात, आणि उद्या किराणा घ्यायला गेल्यावर काउंटरवरची बाई त्याला म्हणते की काल छान वाजवलेस. आपल्याकडे शाळेत असताना गावासमोर उभे राहण्याचे भाग्य बहुधा पहिल्या आलेल्याला लाभते. सामान्य मुलालाही ते लाभावे, ही या प्रथेतली मला सर्वात जास्त भावलेली गोष्ट आहे.

मराठी कुटुंबांना आता हे सगळे दुरून बघायचे राहिलेले नाही. ॲलनच्या आसपासच्या फ्रिस्को, प्लेनो या गावांत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या परिसरात भारतीय घरे भरपूर आहेत, आणि तिथली मुले बँडमध्ये, चीअरलीडिंगमध्ये, राजा-राणीच्या यादीत दिसतात. अडचण येते ती तारखांची. होमकमिंग सप्टेंबर-ऑक्टोबरात, शुक्रवार-शनिवारी. महाराष्ट्र मंडळाचा गणपती, नवरात्रातला गरबा, भोंडला हेही त्याच शनिवार-रविवारी, कारण परदेशात सण सुट्टीच्या दिवशीच बसवावे लागतात. नववीतल्या मुलीला नाचाला मैत्रिणींबरोबर जायचे असते आणि आईबाबांना त्यात नेमके काय असते हे माहीत नसते. ते स्वतः लातूरला किंवा डोंबिवलीला शिकलेले. त्यांच्या दहावी-बारावीच्या आठवणीत क्लास आणि निकाल असतो. अशा आईबाबांनी एकदा सामन्याला जाऊन बसावे. नाच व्यायामशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली होतो. हल्ली बहुतेक मुले जोडीने न जाता आठ-दहा जणांच्या घोळक्याने जातात. आधी कुणाच्या तरी अंगणात फोटो काढायला सगळ्यांचे पालक जमतात. तिथेच पालकांच्याही ओळखी होतात. ज्या गावाची घरपट्टी आपण भरतो ते गाव भेटते ते अशा ठिकाणी.

शाळा म्हणजे गाव, या समीकरणाची दुखरी बाजू शाळा बंद पडली की दिसते. १९३९-४० साली अमेरिकेत सुमारे १ लाख १७ हजार शालेय जिल्हे, म्हणजे शाळा चालवणारे स्थानिक विभाग, होते. आज तेरा हजारांच्या आसपास आहेत. शेतीत यंत्रे आली, माणसे शहरांत गेली, वर्गांत मुले उरली नाहीत, आणि दोन-तीन गावांच्या शाळा एकत्र केल्या गेल्या. अशा विलीनीकरणाला गावे जीव तोडून विरोध करतात. मुलांना दहा मैल बसने जावे लागेल हे कारण सांगितले जाते, पण संघाचे नाव जाणार, रंग जाणार, चषकांचे कपाट कुठल्या तरी गोदामात जाणार, आणि परत यायला ठिकाणच उरणार नाही, हे दुःख त्याहून खोल असते. संघासाठी अकरा मुलेसुद्धा नसलेल्या गावांसाठी नेब्रास्कातल्या हेब्रन इथे स्टीफन एप्लर या शिक्षकाने १९३४ साली सहा जणांचा फुटबॉल शोधून काढला. मैदान १०० ऐवजी ८० यार्डांचे, नियम थोडे बदललेले. पश्चिम टेक्सासमधल्या अगदी छोट्या शाळा आजही तो खेळतात, आणि त्यांचेही होमकमिंग होते.

पण शाळा गावाची म्हणायची, तर गाव कुणाचे? दक्षिणेकडच्या राज्यांत या प्रश्नाने होमकमिंगला आणि प्रॉम या नाचाला रक्तबंबाळ केले आहे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. प्रत्यक्षात बहुसंख्य जिल्ह्यांनी १९६९-७० पर्यंत चालढकल केली. मग शाळा एकत्र झाल्या, तेव्हा जवळपास सर्वत्र काळ्या मुलांच्या शाळाच बंद झाल्या. इमारती पाडल्या किंवा खालच्या वर्गांना दिल्या, मुख्याध्यापकांना दुय्यम पदे मिळाली, हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. काळ्या मुलांनी गोऱ्यांच्या शाळेत जायचे, गोऱ्यांच्या संघाच्या नावाने घोषणा द्यायच्या; काही ठिकाणी ते नाव ‘रेबेल्स’, म्हणजे गुलामगिरीसाठी लढलेल्या बंडखोरांचे. अशा बंद झालेल्या शाळांचे माजी विद्यार्थी आज सत्तरीत-ऐंशीत आहेत, आणि त्यांतले कित्येक अजूनही ठरल्या वर्षी एकत्र जमतात, शाळेच्या रंगांचे कपडे घालून. शाळा नाही, मैदान नाही, संघ नाही, तरी जमतात. हायस्कूलच्या सणाची ताकद मला याहून स्पष्ट कुठे दिसलेली नाही.

एकत्र झालेल्या शाळांमध्ये काळ्या-गोऱ्या मुलांनी एकत्र नाचू नये, म्हणून कित्येक जिल्ह्यांनी प्रॉम भरवणेच बंद केले. प्रॉम म्हणजे वसंतात, अकरावी-बारावीच्या मुलांसाठी होणारा औपचारिक नाच. शाळेने हात काढून घेतल्यावर पालकांनी खाजगीत दोन वेगळे प्रॉम भरवायला सुरुवात केली, आणि ही रीत चाळीस वर्षे टिकली. मिसिसिपीतल्या चार्ल्सटन गावी अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांचे घर आहे. एकत्र प्रॉम करा, खर्च मी देतो, असे त्यांनी १९९७ साली शाळेला सांगितले. कुणी दाद दिली नाही. २००८ साली त्यांनी पुन्हा विचारले तेव्हा होकार मिळाला. जॉर्जियातल्या विलकॉक्स काउंटीत तर २०१३ साल उजाडावे लागले. तिथे होमकमिंगची राणी म्हणून कृष्णवर्णीय मुलगी निवडली गेली होती, पण गोऱ्या मुलांच्या खाजगी नाचाला तिला आमंत्रण नव्हते. चार मैत्रिणींनी, दोन काळ्या आणि दोन गोऱ्या, ठरवले की आपणच एकत्र प्रॉम भरवायचा. त्यांनी बार्बेक्यू विकून पैसे जमवले, बातमी पसरल्यावर देशभरातून देणग्या आल्या, आणि प्रॉम झाला. पुढच्या वर्षी शाळेने तो अधिकृतपणे आपल्या हाती घेतला.

होमकमिंग संपते तोवर बारावीच्या मुलांसमोर दुसरी रांग लागलेली असते. कॉलेजांच्या लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, म्हणजे नाचानंतर काही आठवड्यांत. त्यासाठी निबंध लिहायचे, शिक्षकांची शिफारसपत्रे गोळा करायची, आर्थिक मदतीचा अर्ज भरायचा. उरलेल्या अर्जांची मुदत जानेवारीच्या आसपास. अकरावीची मुले त्याच ऑक्टोबरात पीएसएटी ही परीक्षा देत असतात. शिष्यवृत्तीची पहिली चाळणी तिथे लागते. १ मे पर्यंत कुठल्या कॉलेजात जाणार ते कळवायचे असते. या तारखा भारतीय आईबाप तोंडपाठ करतात. त्यांना कमी ठाऊक असलेला टप्पा म्हणजे गाडी चालवण्याचा परवाना. बहुतेक राज्यांत पंधराच्या आसपास शिकाऊ परवाना आणि सोळाव्या वर्षी निर्बंधांसह पक्का मिळतो. साउथ डकोटात चौदाव्या वर्षीच शिकता येते. जिथे बस नाही, दुकान पाच मैलांवर आहे, तिथे मूल गाडी चालवू लागले की सगळ्या घराचे वेळापत्रक बदलते. मूल कामाला जाऊ शकते, धाकट्या भावाला तालमीला सोडू शकते. पुष्कळ शाळा सीनियर मुलांना वाहनतळावरची आपली जागा फी घेऊन वर्षासाठी रंगवू देतात, आणि त्या फीमधून शाळेला थोडा निधीही मिळतो.

अंगावर वागवायच्या खुणाही असतात. लोकरी अंगाचे, चामडी बाह्यांचे जॅकेट आणि त्यावर शाळेचे आद्याक्षर. ही प्रथा १८६५ साली हार्वर्डच्या बेसबॉल संघाने शर्टावर लावलेल्या एच या अक्षरापासून सुरू झाली. अक्षर विकत मिळत नाही. खेळात, आता बँडमध्ये किंवा अभ्यासातही, ठरलेली कामगिरी करून ते कमवावे लागते. १९७२ पर्यंत मुलींना ते क्वचितच मिळे. त्या वर्षी शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा झाला. तेव्हा हायस्कुलात खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या, आज तीस लाखांहून जास्त आहेत. तुकडीच्या अंगठीची सुरुवात वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १८३५ साली झाली. अंगठी, वार्षिकांक, प्रॉमचे कपडे, शेवटच्या समारंभाचे टोपी-झगा यांची बेरीज केली तर शेवटचे वर्ष गरीब घराला झेपत नाही. म्हणून काही शाळा आणि चर्चेस वापरलेले गाऊन व सूट गोळा करून मुलामुलींना फुकट देतात, आणि ते अशा पद्धतीने की घेणाऱ्याचा चारचौघांत बोभाटा होऊ नये.

बारावीनंतरच्या समारंभाला तिथे ग्रॅज्युएशनच म्हणतात. त्यात वाजणारी धून एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराची, १९०१ सालची. १९०५ साली येल विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली तेव्हा ती वाजली आणि मग देशभर रूढ झाली. टोप्या हवेत उडवायची रीत १९१२ साली ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून आली. त्या तुकडीला लगेच अधिकारीपद मिळाले, त्यामुळे जुन्या टोप्यांचे काम उरले नव्हते. टोपीवर मूळ अमेरिकी मुलांनी गरुडाचे पवित्र पीस लावायचे की नाही, यावरून अनेक शाळांत भांडणे झाली. माँटानाने २०१७ साली आणि कॅलिफोर्नियाने २०१८ साली कायदा करून तो हक्क मान्य केला. प्रत्येक मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते, मग तुकडी पन्नासाची असो की हजाराची. त्यासाठी आधी मुलांकडून नावाचा उच्चार लिहून घेतात, आणि आपल्या ज्ञानेश्वरीला किंवा हृषीकेशला ते कार्ड फार काळजीपूर्वक भरावे लागते.

समारंभानंतरच्या रात्रीची जबाबदारीही गाव घेते. १९७९ साली मेन राज्याच्या ऑक्सफर्ड हिल्स भागात समारंभांच्या दिवसांत दारू आणि अमली पदार्थांपायी कित्येक तरुण मुले दगावली. पुढच्या वर्षी तिथल्या पालकांनी आणि शाळेने ग्रॅज्युएशनच्या रात्री दारूविना रात्रभराचा मेळावा भरवला. ‘प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन’ या नावाने ती पद्धत पुढे राज्याराज्यांत पसरली. दुकानदार बक्षिसे देतात, पालक पाळीपाळीने जागतात, खेळ आणि खाणे चालू राहते. मूल मध्येच निघाले तर बऱ्याच ठिकाणी लगेच घरी फोन जातो, आणि जी मुले टिकतात त्यांना पहाटे नाश्ता देऊन सोडतात.